हसीनाचाचीची काकडी

काकडीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. गडमुडशिंगीत आम्ही पाच घरं मिळून बिनऔषधाचा भाजीपाला करतो. शेजारच्या हसीनाचाचीचं गुडघं गेलं, तवा तिनं आपल्या गावठी काकडीचं सगळं बी आम्हाला वाटलं. काकड्या अशा लागल्या की आम्ही एकमेकांच्या दारात पिशव्या ठेवत सुटलो.

यंदा पेरायच्या वेळी आमच्या पाच घरांतल्या मंगलवैनीला विचारलं, "बी हाय न्हवं?"

"न्हाय की. तुम्ही ठेवलं असंल म्हणून आम्ही सगळ्या खाल्ल्या."

पाचही घरांत हेच. शेवटी मान खाली घालून चाचीकडं गेलो.

"माझ्याकडं कुठलं? सगळं तुम्हालाच दिलतं," ती म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं, "गोड हुत्या काय रं?"

"लई गोड, चाची."

"व्हय? मला कुणी एकबी आणून दिली न्हाय."