मामाजींचं आवतन

विमान चालवणं सोपं आहे गड्यांनो, सासऱ्याले समजावणं कठीण!

चाळिशीत मी दारव्ह्याच्या तहसिलीतली नाझराची नोकरी सोडली अन् विमान शिकाले नागपूरले गेलो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, महागावहून तरातरा आले.

"जवाईबापू, इमानात मानसं किती बसतात?"

"दोन."

"अन् येस्टीत?"

"चाळीस."

"मंग डायवरच व्हाचं होतं तं येस्टी काय वाईट होती? म्या पोरगी नाझराले देल्ली होती, बंडी हाकणाऱ्या धुरकऱ्याले नाही!"

तवापासून त्यांनी माह्याशी बोलणं सोडलं. बायकोचं माहेरही तुटल्यासारखं झालं.

पुढं लायसन भेटलं अन् कपाशीवर दवा फवारणाऱ्या विमानावर कामही भेटलं. पहिलीच फवारणी निघाली महागावची! पोळ्याच्या आदल्या सांजेले मी गावाबाहेरच्या पडीतात विमान उतरवलं. सारं गाव पाहाले धावलं. मामाजी बैलांचे खांदे मळता मळता उठून आलते, हातात हळद-लोण्याची वाटी तशीच.

त्यांनी विमानाभोवती एक चक्कर मारली, पोटाखाली वाकून पाह्यलं. मंग माह्याकडं न पाहताच विचारलं, "याचा खांदा कोठी आहे?"

मी पंखाचा जोड दाखवला. त्यांनी दोन्हीकडं लोणी चोळलं, हात जोडले अन् पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाले म्हणतात तसंच विमानाले म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मले राहवलं नाही. "मामाजी, अन् मले आवतन?"

"आवतन बैलाले असते, जवाईबापू," मामाजी वाटी पुसत म्हणाले, "धुरकरी तं संग येतेच!"