दंड उडतोय

बंदरावरच्या इस्पितळात मी नसांच्या तपासणीसाठी नंबर लावून बसलो होतो. एक म्हातारा कोळी आतून तपासून आला आणि माझ्या मागच्या बाकावर बायकोशेजारी बसला.

“अहो, तपासताना विजेचे झटके फार लागले का?”

“झटक्यांचं काय एवढं. मेंदूतून निघालेली वीज नसेतून हातापर्यंत पोचली की हात हलतो. माझ्या नसा मरत चालल्यात, हात्सुए.”

“काहीतरीच बोलता. हा दंड बघा, झोपेतसुद्धा उडत असतो. नसा मेल्या असत्या तर उडला असता का?”

“दंडावरचा हात काढ. लोक बघतायत.”

“बघू देत. सांगा ना.”

“चाळीस वर्षं होडीवर माझ्याबरोबर होतीस. माशाच्या डोक्यात खिळा मारून मेंदू संपवला तरी तो तडफडतो ना?”

“तडफडतोच. म्हणून तर तुम्ही लगेच कण्यात तार घालायचात.”

“का घालायचो?”

“कण्यातली नस मारायला. नाहीतर तडफडून मांस नासतं.”

“डोक्याचा निरोप नसतो, तरी ती नस वीज सोडतच राहते. माझ्या दंडाचंही तसंच आहे म्हणाले डॉक्टर. मरायला टेकलेली नस आपल्या आपणच झटके देते.”

“आणि उडायचं थांबलं म्हणजे?”

“म्हणजे नस संपली.”



“आत्ता उडतोय, अहो.”

“हात काढू नकोस.”