कोमट इंजिन

धक्क्यावरच्या बाकावर मी फेरीबोटीची वाट बघत बसलो होतो. शेजारीच एक म्हातारं जोडपं आपली मोटरबोट विकायला आलं होतं, आणि ती चालवून बघून एक तरुण गिऱ्हाईक नुकतंच वर आलं होतं.

“काका, बोट छान पळते. पण मी आलो तेव्हाच इंजिन कोमट होतं.”

“हो. आधी एक फेरी मारली होती.”

“अहो, फोनवर बजावलं होतं ना, हात लावू नका म्हणून? जुनं इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं असतं. तापलं की त्याची खोड झाकली जाते.”

“खोड नाही हो त्यात.”

“असं सगळेच म्हणतात. फेरी कशाला मारलीत?”

“हिच्यासाठी. आम्ही आता मुलाकडे राहायला चाललो. तिथे पाणी फक्त नळाला.”

“मग माझं बघून झाल्यावर न्यायचं काकूंना.”

“तू किंमत बोललास आणि यांनी मान हलवली, की बोट तुझी झाली, बाळा. परक्याच्या बोटीत मी कशी बसू?”



“बरं. मग आज मी किंमत बोलतच नाही. उद्या सकाळी थंड इंजिन बघतो, मग बोलू.”

“म्हणजे आज बोट आमचीच?”

“तुमचीच, काकू.”

“अहो, ऐकलंत ना? मग उठा की!”

“अगं, इंजिन पुन्हा तापेल.”

“तापू द्या, काका. रात्रभरात निवेल.”