म्हशीच्या सडाचं मलम

हसू नका, आधी ऐका. सायकलच्या गादीवाल्या चड्डीच्या आत आणि एक साधी चड्डी घालायचा शाणपणा मीच केलता. लाज वाटत व्हती, दुसरं काय? कोल्हापुरातनं मुरगूडला पोचस्तवर त्या आतल्या शिवणीनं मला पार सोलून काढलं.

पाणी मागायला एका गोठ्यापाशी थांबलो. म्हातारा मालक म्हणाला, "बसा की पावणं."

"नको, उभाच बरा हाय."

"आमच्या दारात पावणं उभं ऱ्हात न्हाईत. बसा!"

शेवटी त्याच्या कानात खरं काय ते सांगितलं. तर गडी घराकडं तोंड करून बोंबलला, "अगं ए, म्हशीच्या सडाचं मलम आण की! पावण्याचं बूड सोललंय!"

अख्ख्या गल्लीला कळलं. पण म्हाताऱ्यानं डबीच हातात ठेवली, आणि चार दिवसांत गुण आला. आता आतली चड्डी बंद, निघताना मलम चालू.

परवा बायकोला ती डबी सापडली. चष्मा लावून तिनं मोठ्यानं वाचलं, "दिवसातून दोनदा लावावे. धार काढण्यापूर्वी पुसून घ्यावे."

मग चष्म्यावरनं माझ्याकडं बघत म्हणाली, "काय वो, सध्या किती लिटर देताय?"