तोंडातला रेग्युलेटर

पाण्याखाली बोलता येत नाही म्हणतात, पण माझं पोराशी बोलणं परत सुरू झालं ते पाण्यामुळंच. बायको गेल्यापासून संजू आणि मी एका घरात गप्प. तो मला हाकसुद्धा मारत नव्हता. शेवटी सुनेनं बनशंकरीच्या स्विमिंग पूलवर डायव्हिंग शिकायला दोघांची नावं घातली.

शिकवणारा मला अज्जा, म्हणजे आजोबा म्हणायचा. त्यानं बजावलं, "अज्जा, श्वास घ्यायचे रेग्युलेटर दोन. एक तुमच्या तोंडात, एक जादा. जोडीदारानं गळ्यावरून हात फिरवला की त्याची हवा संपली. जादाचा त्याला द्या."

खाली गेलो. संजूनं आपला रेग्युलेटर काढला, गळ्यावरून हात फिरवला. सराव आहे हे ठाऊक होतं मला. पण त्याचे डोळे बघितले आणि जादाचं काही आठवलंच नाही. माझ्याच तोंडातला काढून त्याच्या तोंडात घातला. माझ्या नाकातोंडात पाणी. ओढून वर काढलं मला.

"अज्जा, स्वतःचा कशाला दिला?" शिकवणारा ओरडला.

"तुला पोरं झाली की कळंल," मी खोकत म्हटलं.

संजू माझी पाठ चोळत होता. "आबा, बोलू नका. आधी श्वास घ्या."

"घेतो," म्हटलं. "आधी परत हाक मार."