बांबू पोचतो तिथवर

—न्हाई, कपडे खुशाल काढा पाव्हणे, तुमच्या सासऱ्याचाच हौद हाय. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच बोरी गावात घागरभर पाण्यावरनं डोकी फुटली, आन आता दत्तरावांनी जावयाला पोहायला सिमेटचा हौद बांधलाय. मी? मी भुजंग, मुंजाजीचा पोरगा. परभणीचं कॉलेज अर्ध्यात सोडलेला. कुणी बुडालं तर बघायचं, ही माझी नोकरी. हसू नका— नुसतं बघायचंच. हा बांबू पुढं करायचा आन हाका मारायच्या. पाण्यात उतरायचं न्हाई, हुकूम हाय. का म्हणता? आमी बौद्धवाड्यातले, म्हणून. घरात सांगितलं न्हाई वाटतं तुमाला.

नोकरीला ठेवलं तवा तसं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, गावातली म्हातारी माणसं शहाणी झाली. मग एक दिवस माझी परीक्षा घेतली— दत्तरावांचा पुतण्या रंगनाथ मधी जाऊन खोटं खोटं बुडाला, हात झाडायला लागला. मला काय म्हाईत? मी उडी टाकली, केसाला धरून काठाला आणला. शाबासकी? पाणी बाटलं म्हणून दुपारच्यालाच इंजिन लावून हौद उपसला, सगळं पाणी कपाशीत. चुन्यानं घासला, परत भरला. आन आमचा बाप, छप्पनला दीक्षा घेतलेला माणूस, हात जोडून म्हणतो, पोरगं चुकलं मालक. जीव वाचवला, म्हणून चुकलं. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतेत म्हणतेत, पण वाकायला बरोबर वाकतेत.

बांबू हौदाच्या मधोमध पोचत न्हाई. सांगितलं की मी. दत्तराव म्हणले, मग फेकायचा.

खरी पंचाईत ह्या पायांची. कुणी बुडायलंय म्हणलं की आपोआप उठायचे. मग त्यांना बसून ऱ्हायची सवय लावायला काय केलं— पोत्यात वाळू भरायची, दोर बांधून पाण्यात ढकलायचं आन बुडबुडे बघत बसायचं. रोज. आधी लय तडफडायचे पाय. आता न्हाई... हे तुमाला कशाला सांगायलोय मी. उतरा, पाणी झकास हाय. तेवढं काठाकाठानं पोहा.

तिकडं न्हाई पाव्हणे, मधी खोल हाय. आत्ताच तर तुमी जेवून आलाव— बरं, पुरे आता गंमत. रंगनाथबी असाच हात झाडीत होता. खरं हाय का खोटं, एकदा सांगा. हा बांबू, धरा— धरा की— ओ दत्तराव. कुणी हाय का तिकडं? ओ मालक—

पाव्हणे, बोला कायतरी. माझे पाय उठंनात.