मऊ टोमॅटो

जुन्नर स्टँडवर मढच्या गाडीची वाट बघताना टोमॅटोच्या शेडवर कामाला जाणारी एक बाई मैत्रिणीला सांगत होती.

“कामावर खूश हाय का, त्याचा साहेबांनी कागद वाटला. हसरं तोंड, रडकं तोंड. खूण करायची.”

“तुमच्या शेडवरल्या बयाबाईला तर दिसत न्हाई गं!”

“म्हणून तीच म्हणली, ‘झाकलेलं क्रेट ठेवा. खूश असंल त्यानं कडक टोमॅटो टाकावा, नसंल त्यानं मऊ. मला बी हातानं कळतंय.’”

“मंग?”

“कागदावर समदे हसरे. मुकादम बघत व्हता ना!”

“अन् क्रेटात?”

“निम्मे मऊ! साहेबांनी बयाबाईलाच इचारलं, काय कमी हाय?”

“काय म्हणली?”

“‘बायांच्या संडासाला कडी न्हाई.’ सोमवारी कडी बसली.”

“इतके दिस न्हवती?”

“चार वर्षं. आमी डोळ्यावाल्या एकमेकींना दारात उभं करत व्हतो.”